मुरलेलं पाणी

"आजोबा येत आहेत," गुंडोपंत दारातच म्हणाला.

केतकी नुकतीच शाळेतून आली होती. तिने बूट काढले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. आजोबा तिथे नव्हते. त्यांच्या खोलीत नव्हते, मोरीत नव्हते, आरामखुर्चीत तर नव्हतेच.

"कुठून येताहेत?" तिने विचारलं.

"ते माहीत नाही. पण येत आहेत. त्यांनी स्वतः मला तसं सांगितलं."

"कधी?"

"थोड्या वेळापूर्वी. दार उघडता उघडता."

केतकी बुचकळ्यात पडली. घरात नसलेला माणूस घरातूनच 'येतो' म्हणून कसं सांगेल?

गुंडोपंत हा यंत्रमानव. केतकीच्या कमरेएवढा, गोल पोटाचा, चार चाकांवर फिरणारा आणि दोन बारीक हातांचा. खोक्यावर त्याचं नाव 'सोबती' असं छापलेलं होतं. पण तो घरात आला त्या दिवशी आजोबांनी त्याच्या पोटाकडे पाहून "या गुंडोपंत, बसा," असं म्हटलं आणि तेच नाव पडलं. आई कामावरून येईपर्यंत आजोबांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम होतं.

"त्यांचा पट्टा कुठे आहे?" केतकीने विचारलं. आजोबांच्या मनगटावर एक पट्टा असे. ते कुठे आहेत हे त्यावरून गुंडोपंतला कळे.

"सज्जात. बराच वेळ तिथेच आहे."

केतकी सज्जात धावली. कुंड्या होत्या, आजोबा नव्हते. टोमॅटोचं एक रोप वाऱ्याने कलंडलं होतं. कुणीतरी त्याच्याजवळ काठी रोवून, रोप न काचेल अशा बेताने, पट्ट्याने ते काठीला बांधलं होतं.

"अरे देवा," केतकी म्हणाली. "गुंडोपंत, ते काय म्हणाले होते? अगदी तेच शब्द सांग."

"शेवटचा शब्द होता 'येतो'. मी नोंद केली की आजोबा येत आहेत. 'जातो' म्हणाले असते तर मी लगेच शर्वरीताईंना, म्हणजे तुझ्या आईला, कळवलं असतं."

"अरे, जाताना कुणी 'जातो' म्हणतं का!"

"जाताना 'जातो' म्हणत नाहीत?"

"नाही! 'येतो' म्हणायचं. 'जातो' म्हटलं की आई रागावते. 'जातो' म्हणजे परत न येण्यासारखं वाटतं."

"मग येणारा माणूस काय म्हणतो?"

"आलो."

"आणि जो येणार आहे, पण अजून आलेला नाही?"

"तोही 'आलो'च म्हणतो. आई जेवायला हाक मारते तेव्हा मी म्हणते ना, आलेच!"

गुंडोपंतच्या कपाळावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तो विचार करत असला की असं होई. "म्हणजे जाणारा 'येतो' म्हणतो आणि न आलेला 'आलो' म्हणतो. या भाषेत माणसं एकमेकांना सापडतात तरी कशी?"

एरवी केतकी खूप हसली असती. गेल्याच महिन्यात आईने 'नारळ वाढव' (म्हणजे नारळ फोड) असं सांगितल्यावर गुंडोपंतने त्या नारळाशेजारी आणखी दोन नारळ आणून ठेवले होते. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, आजोबासुद्धा. आज मात्र तिला हसू आलं नाही.

आजोबांना अल्झायमर होता (मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी करत जाणारा, आठवणी पुसणारा आजार). गेल्या महिन्यात ते असेच बाहेर पडले आणि एस.टी. स्टँडवर सापडले. तेव्हा पुण्याहून मामा आला होता. "ताई, पुन्हा एकदा असं झालं, तर बाबांना पुण्याच्या केंद्रात ठेवायचं," तो म्हणाला होता. "तिथे दारांना कुलपं असतात. निदान गाडीखाली तरी जाणार नाहीत." आई एवढंच म्हणाली, "त्यांना कुलूप कळतं रे. बाकी काही कळलं नाही तरी." पण मामाचं म्हणणं चूक आहे असं तिने म्हटलं नव्हतं.

आता ते पुन्हा झालं होतं. आजोबा सापडायला हवे होते, आणि त्यांना काही व्हायच्या आत सापडायला हवे होते.

"त्यांचं सगळं बोलणं ऐकव," केतकी म्हणाली.

गुंडोपंतच्या पोटातून आजोबांचा आवाज आला. आवाज घाईतला होता, पण आनंदी होता. "गुंडोपंत, दूध उतू जाऊ देऊ नका हं. शाळा सुटायची वेळ झाली. ठमी वाट बघत बसेल. येतो!"

"ठमी कोण?"

"माझ्या यादीत त्या नावाचं कुणी नाही," गुंडोपंत म्हणाला.

केतकीने त्याला आईला फोन लावायला सांगितला. आई शहराबाहेरच्या कारखान्यात काम करत असे.

"आई, आजोबा घरात नाहीत."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पट्टा?"

"टोमॅटोला बांधलाय."

"कशाला बांधलाय?"

"टोमॅटोला. आधार म्हणून. आई, ठमी कोण?"

मागे यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मी," आई म्हणाली.

"तू?"

"मी चौथीत जाईपर्यंत मला ठमी म्हणायचे. मैत्रिणी चिडवायला लागल्या, तेव्हा मीच भांडून बंद करायला लावलं. काय म्हणाले ते?"

"शाळा सुटायची वेळ झाली, ठमी वाट बघत बसेल."

"तळ्यापलीकडची शाळा," आई लगेच म्हणाली. "शाळा आता तिथे नाही. गाड्या चार्ज करायचं केंद्र झालंय, पण फाटक तेच आहे. तू जवळ आहेस, तू निघ. गुंडोपंतला बरोबर घे, रस्त्याच्या कडेने जा. मी इथून थेट तिकडेच येते."

गुंडोपंतने गॅस बंद असल्याची खात्री केली आणि दोघं निघाली.

साताऱ्याचे रस्ते चढ-उताराचे. उतारावर गुंडोपंत घरंगळायला लागला की केतकीला त्याचा हात धरून मागे ओढावं लागे. कोपऱ्यावर पेढेवाले तोडकरकाका दुकानाच्या पायरीवर उभे होते.

"काय केतकी, कुकर फिरवायला निघालीस का?"

"काका, माझे आजोबा दिसले का?"

"हे काय, मघाशी तळ्याकडे गेले की! मी म्हटलं, साहेब, एवढ्या घाईनं कुठं? तर म्हणाले, लेकीला आणायला. मला वाटलं शर्वरी यायची असेल बसनं." मग तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज बदलला. "का गं? पुन्हा?"

"हो. येते काका."

"हा शब्द माझ्या लक्षात आला," गुंडोपंत काकांना म्हणाला. "ती जात आहे."

रस्ता ठरला होता, पण केतकीच्या मनात एक गोष्ट टोचत होती. थोडं चालल्यावर तिने ती बोलून टाकली. "गुंडोपंत, माझीही शाळा आत्ताच सुटली. मग ते मला आणायला का नाही आले?"

"याचं उत्तर मेंदूत आहे," गुंडोपंत म्हणाला. भाषेत तो गोंधळत असला तरी मेंदूबद्दल त्याला पुष्कळ माहिती होती. "सांगू?"

"सांग. पण चालता चालता."

"मेंदूत हजारो कोटी चेतापेशी असतात (निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या पेशी). त्या एकमेकींना जिथे निरोप देतात, त्या जागेला चेतासंधी म्हणतात. तू एखादी नवी गोष्ट पाहिलीस की पेशींच्या एका गटात नवी जोडणी होते. ती म्हणजे आठवण. पण ती एकदम पक्की होत नाही. आधी ती हिप्पोकॅम्पसमध्ये नोंदली जाते (कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेला, समुद्रघोड्यासारखा दिसणारा छोटा भाग). मग तू झोपतेस, मेंदू ती पुन्हा पुन्हा उजळतो आणि महिनोन् महिने, वर्षानुवर्षं करत ती मेंदूच्या बाहेरच्या मोठ्या थरात जाऊन बसते."

"म्हणजे ती मुरते," केतकी म्हणाली.

"हा शब्द लोणच्यासाठी असतो, असं माझ्याकडे आहे."

"पाण्यासाठी पण असतो."

आजोबा मृदाशास्त्रज्ञ होते (मातीचा अभ्यास करणारे). सगळं आयुष्य ते माण तालुक्यातल्या कोरड्या गावांतून हिंडले. चिमूटभर माती बोटांत घेऊन चुरली की ती कसली आहे ते सांगत. केतकी लहान असताना त्यांनी तिला दोन कुंड्या दाखवल्या होत्या. एकीतली माती भुसभुशीत होती. दुसरीत वरच्या मातीने कडक पापडी धरली होती. दोन्हींत त्यांनी सारखंच पाणी ओतलं. पहिल्या कुंडीने ते पिऊन टाकलं. दुसरीच्या कडेवरून ते भराभरा वाहून गेलं. "पडलेलं पाणी आपलं नसतं," आजोबा म्हणाले होते. "मुरलेलं पाणी आपलं."

केतकीने हे गुंडोपंतला सांगितलं. त्याचा दिवा बराच वेळ पिवळा राहिला.

"हे उदाहरण जुळतं," तो म्हणाला. "अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं चिकट प्रथिन साचतं. पेशींच्या आत टाऊ नावाचं दुसरं प्रथिन असतं. पेशीत अन्न वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांना ते आधार देतं."

"टोमॅटोच्या काठीसारखं?"

"हो. आजारात हा टाऊ सुटतो, त्याचा गुंता होतो, नळ्या कोसळतात आणि पेशी उपाशी मरते. हे नुकसान सर्वांत आधी होतं ते हिप्पोकॅम्पसच्या भागात."

"म्हणजे पापडी तिथे धरते. मग नवीन पाणी मुरतच नाही."

"बरोबर. सकाळी काय खाल्लं, पट्टा कशाला आहे, मी कोण आहे, हे सगळं वाहून जातं. पण फार पूर्वी मुरलेलं पाणी खाली असतंच. म्हणून पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना आठवते, आणि कालची आठवत नाही. त्यांना ती नुसती आठवते असं नाही. ते तिथे असतात."

केतकी चालता चालता थांबली. "आणि मी? मी दहा वर्षांची आहे."

"हा आजार दिसू लागतो, त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी तो मेंदूत सुरू झालेला असतो," गुंडोपंत म्हणाला. त्याला गोड करून सांगता येत नसे.

केतकीने मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे मी पापडीवरच पडले."

"हे वाक्य पूर्ण बरोबर नाही," गुंडोपंत म्हणाला. "शर्वरीताईंनी मला जुन्या चित्रफिती दाखवल्या आहेत. तू सहा वर्षांची होईपर्यंत ते तुला रोज नावाने हाक मारत होते. पाणी पडलं होतं. त्यांच्याकडून ते राहिलं नाही, एवढंच."

केतकीने बाहीने नाक पुसलं आणि चालायला लागली.

तळ्याला वळसा घातला तसा आधी आवाजच ऐकू आला. केंद्राच्या फाटकाशी आजोबा उभे होते, पायांत स्लिपर, अंगात घरातलाच सदरा. त्यांनी फाटकाचे गज धरले होते. आत गाड्यांची रांग होती. निळ्या टोपीतला पहारेकरी त्यांना समजावत होता.

"आजोबा, किती वेळा सांगू, इथं शाळा नाही. बंद होऊन पंधरा वर्षं झाली!"

"मग माझी मुलगी कुठे आहे?" आजोबांचा आवाज चढला. "सकाळी मी स्वतः सोडलीय तिला. तुम्ही मला आत का सोडत नाही?"

गुंडोपंत पुढे सरसावला. "आजोबा, आज गुरुवार आहे. शर्वरीताई आता बेचाळीस वर्षांच्या..."

केतकीने त्याच्या तोंडाच्या जाळीवर हात ठेवला. "गप्प बस."

"पण माझी माहिती खरी आहे," जाळीच्या आतून बारीक आवाज आला.

"खरी आहे म्हणूनच. त्या दिवशी त्यांनी विचारलं, आजी कुठे आहे, आणि तू खरं सांगितलंस की ती वारली. आठवतं?"

"आठवतं. ते रडले."

"पाच मिनिटांनी आजीचं विसरले. पण रडणं थांबलं का?"

"नाही. संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. कशासाठी, ते त्यांना सांगता येत नव्हतं." दिवा पिवळा झाला. "भावना मेंदूत वेगळ्या जागी उमटतात. अमिग्डला (बदामाच्या आकाराचा छोटा भाग). गोष्ट पुसली गेली तरी तिथला ठसा मागे राहू शकतो."

"पाणी वाहून जातं, पण माती ओली राहते," केतकी म्हणाली. "तू थांब इथे."

ती आजोबांजवळ गेली. फाटकाशेजारी एक बुटका कठडा होता. ती त्यावर बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली. "बसा ना. सुटेल आता."

आजोबांनी वळून पाहिलं. कोण म्हणून पाहिलं, पण रागाने पाहिलं नाही. गजांवरची पकड सैल झाली. "तूही कुणाची वाट बघतेस का?"

"हो. माझ्या आईची."

"असं होय." ते हळूच तिच्याजवळ बसले. पहारेकरी काहीतरी म्हणणार होता. केतकीने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, तसा तो टोपी सरळ करत बाजूला झाला.

"तुमची मुलगी कितवीत आहे?" केतकीने विचारलं.

"दुसरीत. हुशार आहे, पण हट्टी. परवा भर वर्गात बाईंना म्हणाली, माती घाण नसते, माती म्हणजे झिजलेले डोंगर." आजोबा हसले. "मीच शिकवलंय. बाईंनी मला बोलावून घेतलं! मी म्हटलं, बाई, ती बरोबर सांगतेय, मी काय करू?"

केतकीला हसू आलं. ही आई तिला माहीत नव्हती.

"मी नेहमी इथेच बसतो," आजोबा पुढे म्हणाले. "समोर सावली आहे, पण तिथे बसत नाही. ती बाहेर आली की पहिल्यांदा इकडे बघते. मी दिसलो नाही तर घाबरते. बोलत नाही हं, नुसती ओठ चावत उभी राहते. म्हणून उशीर करून चालत नाही." मग त्यांनी केतकीकडे नीट पाहिलं. "तू कुणाची गं?"

केतकीने पाणी कुठे मुरतं ते आता ओळखलं होतं. "शर्वरीची," ती म्हणाली.

"अरे वा! आमच्या ठमीचं नावही शर्वरीच."

रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. आई उतरली. कारखान्याचा निळा डगला तसाच अंगावर, खांद्याला डबा आणि कागदपत्रांची जड पिशवी. ती धावत आली आणि चार पावलांवर येऊन थांबली. आजोबा उठून उभे राहिले. आईकडे त्यांनी अदबीने पाहिलं, अनोळखी बाईंकडे पाहावं तसं.

"बाई, सुट्टी झाली का?"

आई खालचा ओठ दातांत धरून उभी होती.

केतकीला वाटलं, आई आता म्हणेल, बाबा, मी, मी शर्वरी. ती ते रोज म्हणे. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना म्हणे आणि आजोबा रोज "हो का?" असं सभ्यपणे विचारत.

आज ती तसं म्हणाली नाही. तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, दप्तर."

आजोबांचा हात पुढे आला. त्यांनी विचार केला नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. पिशवीचा बंद नेमका धरून त्यांनी ती आपल्या डाव्या खांद्यावर टाकली. "किती दगड भरलेत गं यात?" ते कुरकुरले. मग आईचा हात धरून तिला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं, स्वतः गाड्यांच्या बाजूला झाले आणि घराच्या दिशेने चालू लागले.

मागून केतकी आणि गुंडोपंत.

"त्यांनी ओळखलं का?" गुंडोपंतने हळूच विचारलं.

"माहीत नाही," केतकी म्हणाली. मग जरा विचार करून तिने विचारलं, "सायकल चालवायला शिकलेलं माणूस विसरतं का?"

"सहसा नाही. हातापायांना लागलेल्या सवयी हिप्पोकॅम्पसवर अवलंबून नसतात. त्या मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतात आणि या आजारात बराच काळ टिकतात."

"मग ओळखलं हातांनी."

गुंडोपंतने ही नोंद केली, पण कोणत्या रकान्यात, ते सांगितलं नाही.

आईचा फोन वाजला. आजोबा बाहेर गेल्याचं उमगताच गुंडोपंतने नियमाप्रमाणे मामालाही कळवलं होतं.

"सापडले," आई म्हणाली. "ठीक आहेत. माझ्या जुन्या शाळेपाशी... हो, तीच... नाही, कुलूप नको, मिलिंद. ऐक तर. ते कुठेही भटकत नव्हते. ते मला आणायला आले होते. रोज या वेळेला त्यांना घेऊन इथवर यायचं आणि परत जायचं, एवढंच करायचं आहे... हो, रोज. मी लवकर निघत जाईन. नसेन तेव्हा केतकी आहे, गुंडोपंत आहे, तोडकरांना सांगून ठेवते... नाही जमलं तर तेव्हा बघू. आत्ता जमतंय." मग बराच वेळ ती ऐकत राहिली आणि एकदम हसली. "तुला आणायला यायचेच की! तू आधीच भिंतीवरून पळालेला असायचास."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मामा रविवारी येतोय. त्यालाही इथे यायचंय आपल्याबरोबर."

केतकी धावत तिच्या शेजारी गेली. "म्हणजे आजोबा घरीच राहणार?"

"आत्ता तरी घरीच."

केतकीने मोठा श्वास सोडला. मग मनात अडलेला दुसरा प्रश्न विचारला. "आई, ही पापडी फोडायचं औषध नाही का?"

आईला पापडी कुठून आली हे सांगावं लागलं नाही. ती त्याच माणसाची मुलगी होती. "अमायलॉइड धुऊन काढणारी औषधं मी शाळेत होते तेव्हाच आली. त्यांनी आजार थोडा मंदावतो, थांबत नाही. बाबांचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत गं."

"मग तू दर तीन महिन्यांनी पुण्याला कशाला जातेस? मला वाटायचं, त्यांच्या औषधासाठी."

"माझं रक्त द्यायला." आई सरळ समोर पाहत चालत होती. "ज्यांच्या आईवडिलांना हा आजार आहे, अशा खूप जणांना एकत्र करून एक अभ्यास चाललाय. रक्ताच्या थेंबात त्या प्रथिनांचा माग लागतो, पहिली गोष्ट विसरायच्याही कितीतरी आधी. मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्यांना वेळीच कामाला लावता आलं, टाऊ सुटू दिला नाही, तर पापडी धरणारच नाही, असं त्यांना वाटतं. ते खरं आहे का, हे बघायला आमच्यासारखी माणसं लागतात."

"म्हणजे तुलाही होणार?"

"माहीत नाही. इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त, एवढंच. पुष्कळांना होत नाही. पण व्हायचाच असेल तर मला आधी कळायला हवं. आणि मला उपयोग नाही झाला, तरी तुझ्या वेळेपर्यंत होईल. गेल्या वर्षी ज्या गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या, त्यातल्या काही यंदा ठाऊक झाल्यात. अशीच ती वाट निघते."

"मी मेंदूचं नाही शिकणार हं," केतकीने आधीच सांगून टाकलं. "मी मातीचं शिकणार."

"बरं. मातीचं शीक."

"रस्त्यात गप्पा नकोत," आजोबा दरडावून म्हणाले. "समोर बघा."

मोठा रस्ता आला होता. कचेऱ्या सुटायची वेळ, गाड्या आवाज न करता सपासप जात होत्या. आजोबांनी आईच्या पुढे हात आडवा धरून तिला थांबवलं. खांद्यावरची पिशवी सावरली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग काहीतरी राहिल्यासारखं ते थबकले आणि मागे वळले.

कडेला, पावलाभर मागे, केतकी उभी होती. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पण रस्ता मोठा होता, आणि एक लहान मूल एकटं उभं होतं.

"तू का मागे?" ते म्हणाले आणि दुसरा हात तिच्यापुढे केला. "चल, हात धर."

केतकीने हात धरला. तो कोरडा होता, उबदार होता आणि घट्ट होता. गाड्या थांबल्या, तशी तिघं रस्ता ओलांडू लागली, आणि त्यांच्या मागोमाग गुंडोपंतही उतरला.